अहो, दिसलाच नाहीत

पुण्यात सायकल चालवणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. हेल्मेटचा पट्टा लावायचा, पहिल्या चौकापर्यंत जायचं आणि एक पाय टेकवून उभं राहायचं. किस्सा आपणहून येतो. बहुतेक वेळा मागून येतो, आणि हॉर्न वाजवत येतो.

गेल्या चार वर्षांत माझ्याकडे इतके साठलेत की दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी ते शेजारच्या घड्याळवाल्याला ऐकवते. हल्ली मी हेल्मेट काढताना दिसले की तो फोन कानाला लावतो. फोन चालू नसतो, ते मला इथून दिसतं. म्हणून म्हटलं, लिहून काढावेत.

आम्ही तिघं आहोत. मी वैशाली, वय चोपन्न, शनिवार पेठेत चष्म्याचं दुकान आणि राहायला कात्रजला. दुसरा संकेत, मूळचा अमरावतीचा, आयटीत आहे, वय सव्वीस, आणि मला काकू म्हणतो. तिसरे देवस्थळी काका. वय बाहत्तर. एका कारखान्यात आयुष्यभर ड्राफ्ट्समन होते. तिघंही कात्रजहून साडेआठला निघतो, सातारा रस्त्यानं शहरात येतो, पेठेत शिरायच्या आधी एका टपरीवर चहा घेतो आणि आपापल्या वाटेला लागतो.

चहाच्या वेळी काका त्या दिवशीचा प्रसंग कागदावर काढतात. चौक, झेब्रा क्रॉसिंग, गाडी, सायकल, कोण कुठून आलं त्याचे बाण. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट आखून स्केल लिहितात, आणि त्याखाली 'चूक कोणाची'. टपरीवाल्यानं त्यातले चार कागद भिंतीला चिकटवलेत. लोकांना वाटतं फ्लायओव्हरचा प्लॅन आहे.

काकांचं घर पूर्वी शनिवार पेठेतच होतं. दोन वर्षांपूर्वी देवस्थळी काकू गेल्या आणि मुलगा निखिल त्यांना कात्रजच्या फ्लॅटवर घेऊन आला. पण माणसं सगळी पेठेत राहिली. वाचनालय, बुद्धिबळाचा डाव, चाळीस वर्षांचे मित्र. काकांचे गुडघे त्यांना बसची पायरी चढू देत नाहीत, पेडल मात्र मारू देतात. त्यामुळे सायकल गेली की पेठ गेली, इतका सरळ हिशोब आहे.

आणि निखिलनं बजावून ठेवलं होतं. "बाबा, अंगावर एक ओरखडा दिसला ना, की सायकल विकून टाकणार."

*

पहिला किस्सा माझा. चौकात एका मोठ्या गाडीनं मला ओलांडलं आणि लगेच माझ्यापुढून डावीकडे वळली. मी दोन्ही ब्रेक दाबले, सायकल आडवी झाली, मी कशीबशी उभी राहिले. गाडीवाला सभ्य होता, थांबला. काच खाली करून म्हणाला, "सॉरी मॅडम, अहो, दिसलाच नाहीत."

माझ्या अंगात पोपटी जाकीट होतं. हेल्मेट लाल. सायकलला मागे दिवा, तो दिवसाही लुकलुकतो. मी रात्री गच्चीवर उभी राहिले तर विमान उतरेल.

मी खिशातून दुकानाचं कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. "साडेदहाला उघडतं. डोळे तपासून घ्या."

दुसऱ्या दिवशी ते खरंच आले. मी तपासले. शेवटची ओळ सुद्धा घडाघडा वाचली, डावा डोळा उत्तम, उजवा त्याहून उत्तम. ते खुर्चीतून उठले आणि जरा काळजीनंच म्हणाले, "मग काल दिसला का नाहीत हो तुम्ही?"

हे मला विचारलं.

*

गाडीवाला सायकलवाल्याला ओलांडून जातो खरा, पण पुण्यात तो जाऊन जाऊन जाणार कुठं? पुढच्या सिग्नलला असतोच. आम्ही तिघं सावकाश पोचतो आणि त्याच्या शेजारीच उभे राहतो. एवढा एक न्याय या शहरात आहे.

एकदा एका बाईंनी संकेतला असंच कापलं. पुढच्या सिग्नलला त्यानं काचेवर टकटक केली. पोरगं तापलेलं होतं, पण बोलायला गोड.

"मॅडम, वळताना इंडिकेटर द्यायचा असतो न?"

"दिला होता की."

"हो, पण वळून झाल्यावर दिला."

बाई त्याच्याकडे दोन सेकंद बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग दिला ना? लोक तेवढाही देत नाहीत." आणि काच वर.

संकेत टपरीपर्यंत ते वाक्य घोळवत आला. चहा आल्यावर म्हणाला, "काकू, ती बरोबर होती का? मले आता तसंच वाटून राहिलं."

*

सातारा रस्त्याच्या कडेनं सायकल ट्रॅक आहे. म्हणजे सुरू होतो, मग विजेचा खांब येतो, मग पुन्हा सुरू होतो, मग नारळपाणी, मग पुन्हा सुरू होतो. ज्यांनी कोणी तो आखला त्यांना एकदा सायकलवर बसवून तिथून न्यावं अशी माझी जुनी इच्छा आहे. नारळपाणी मी पाजेन.

या ट्रॅकवरून एक दिवस आमच्या मागून मोटरसायकल आली आणि हॉर्नवरचा अंगठा काही निघेना. काका सगळ्यात पुढे होते. ते शांतपणे उतरले, सायकल आडवी उभी केली आणि मागे वळले.

"अहो, हा सायकल ट्रॅक आहे."

"माहितीये."

"मग?"

"मग सायकल चालवा ना काका. मध्येच थांबलात कशाला? मागे लोकांना जायचंय."

काकांनी आयुष्यात अनेक इंजिनीअरांचे चुकलेले आराखडे परत पाठवलेत. पण या माणसाला काही परत पाठवता येईना. ते पुन्हा सायकलवर बसले आणि चालवायला लागले. मी मागून बघत होते, माझीच चिडचिड झाली. तो मोटरसायकलवाला वरून म्हणाला, "थँक्यू हं."

*

चूक फक्त गाडीवाल्यांची असते असं मी म्हणत नाही. म्हटलं तर काका माझाही नकाशा काढतील.

संकेत नवा नवा आला तेव्हा लाल सिग्नलला थांबायचा नाही. "काका, सायकलले कोण धरते?" आणि मधल्या फटीतून सुळकन पलीकडे. एक दिवस असाच गेला आणि उजवीकडून आलेल्या रिक्षाखाली जाता जाता वाचला. रिक्षावाल्यानं जे काही म्हटलं ते मी इथं लिहीत नाही. काकांनी संकेतला हाक मारून चौकाच्या अलीकडे परत बोलावलं, रेषेमागे उभं केलं आणि तीन सिग्नल उभं ठेवलं. हिरवा झाला की म्हणायचे, "आता जा." तो निघायला लागला की, "थांब, लाल कसा होतो ते बघ." तिसऱ्यांदा लाल झाला तेव्हा संकेतला मीटिंगला उशीर झालेला होता. त्यानंतर तो आमच्याहून कडक झाला.

काका स्वतः तर रिकाम्या चौकातही थांबतात. एका रविवारी रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि आम्ही तिघं लालला उभे. मागून रिक्षा आली. पों पों.

काकांनी वर बोट दाखवलं.

रिक्षावाला डोकं बाहेर काढून म्हणाला, "काका, सायकलला लाल कशाचा?"

"म्हणजे लाल आहे हे दिसतंय तुम्हाला," काका म्हणाले. "बरं वाटलं. मला वाटलं आम्हालाच दिसतोय."

*

हा किस्सा सांगायला मला आवडत नाही, पण काका म्हणतात की तो गाळला तर बाकीचे सांगायचा हक्क नाही.

एकदा दुकानात फ्रेमांची खोकी न्यायची होती म्हणून मी नवऱ्याची गाडी काढली. चौकात डावीकडे वळताना आरशात बघितलं, रस्ता मोकळा दिसला, वळले. धप्प! बॉनेटवर एक हात. एक गृहस्थ सायकलवरून अर्धे उतरून गाडीला रेटून धरत होते. लागलं नव्हतं. नशीब. काच खाली करून माझ्या तोंडून जे वाक्य निघालं ते ऐकून मला स्वतःलाच थोबाडीत मारावीशी वाटली.

"सॉरी हो, अहो, दिसलाच नाहीत."

गृहस्थांनी नाकावरचा चष्मा नीट केला. मला निरखून बघितलं. "ताई, हा चष्मा तुमच्याच दुकानातून केलाय," ते म्हणाले. "तुम्ही स्वतः कुठून करता?"

*

काका वळताना हात दाखवतात. पूर्ण हात, खांद्यापासून सरळ, सायकल शिकताना शिकवतात तसा. पुण्यात असा हात आता फक्त काकाच दाखवतात. त्यामुळे त्याचा अर्थ कोणालाच माहीत नाही.

एकदा त्यांनी असाच उजवा हात लांब केला आणि मागून येणारी रिक्षा करकचून ब्रेक मारून त्यांच्या शेजारी थांबली.

"बोला काका, कुठं?"

काका गोंधळले. "उजवीकडे."

रिक्षावाल्यानं क्षणभर विचार केला. मान हलवली. "उजवीकडं नाही येणार." आणि निघून गेला.

काका सायकलवर होते, हे त्याला दिसलं होतं की नाही, यावर आम्ही दोन दिवस वाद घातला.

*

आता जरा वाईट गोष्ट. मागच्या महिन्यात काका पडले.

कोणी धडक दिली नाही. उभ्या असलेल्या गाडीचं दार फाडकन उघडलं, काकांनी सायकल वळवली, तोल गेला आणि कोपर खरचटलं. दार उघडणारा तरुण आधी दाराला कुठं लागलं का ते बघत होता. त्याला मी जे बोलले ते आपण आणि अहो लावूनच बोलले, पण त्याचे कान लाल झाले.

टपरीवर चहा आला तरी काकांनी कागद मागितला नाही. आम्ही जखम धुतली, पट्टी लावली. ऐन उकाड्यात काका आठ दिवस पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून हिंडले. निखिलला संशय आलाच. त्यानं मला फोन केला.

"काकू, खरं सांगा, बाबा पडले का?"

मी म्हटलं, "छे."

मी सहसा खोटं बोलत नाही. मला ते नीट जमतही नाही.

मग तो म्हणाला, "काकू, आई गेली. आता मला हे एकच आहेत."

त्याचं चूक नव्हतं. काकांचंही नव्हतं. मला राग कोणाचा येत होता तेच कळेना, म्हणून मी त्या दिवशी दुकानात दोन गिऱ्हाइकांवर ओरडले.

रात्री घरी काकांच्या बाह्या वर गेल्या आणि निखिलला पट्टी सापडली. दुसऱ्या दिवशी निखिलनं सायकलचा फोटो काढून ऑनलाइन जाहिरात टाकली. एक गिऱ्हाईक रविवारी बघायला येणार असं ठरलं. काकांनी भांडण केलं नाही. एवढंच म्हणाले, "विकण्याआधी एकदा मी कशी चालवतो ते बघ. मग ठरव."

निखिल कबूल झाला. शनिवारी त्याला सुट्टी. तो गाडी घेऊन आमच्या मागोमाग येणार, कात्रज ते पेठ. पटलं तर सायकल राहणार, नाही पटलं तर रविवारी जाणार.

*

शनिवारी काकांनी दाढी करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. संकेत सुट्टी असून आला. मी तर आदल्या रात्री झोपले नव्हते. बाहत्तर वर्षांच्या माणसाला आपल्याच मुलासमोर परीक्षा द्यावी लागते, हे मला आतून खुपत होतं.

निघालो. पुढे काका, मागे मी आणि संकेत, आणि मागे निखिलची गाडी, चारी दिवे लुकलुकवत, ताशी बारा किलोमीटरनं. तिच्यामागे एक बस, एक टेम्पो आणि बहुधा निम्मं कात्रज. हॉर्नचा असा कल्लोळ मी ऐकला नव्हता. काका मात्र वळूनही बघत नव्हते. प्रत्येक सिग्नलला रेषेमागे थांबत होते, हिरवा झाला की उजवीडावीकडे बघून निघत होते. निखिल आमच्या पाठीमागून डोळ्यात तेल घालून बापाकडे बघत होता. बाकी कशाकडेच बघत नव्हता.

मग आमचा तो चौक आला. नाव सांगत नाही, प्रत्येकाला तो आपल्याच घराजवळचा वाटेल.

सिग्नल हिरवा झाला. काका निघाले, सरळ जायचं म्हणून लेनच्या मधोमध, जसं जायला हवं तसं. मागच्या टेम्पोला डावीकडे वळायचं होतं, त्यानं आमच्या डावीकडून जरा नाक पुढे काढलं. बस्स. निखिलला वाटलं, हा आता बाबांना कापणार. त्यानं बापाला वाचवायला गाडी सटकन डावीकडे घातली.

माझ्या पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावरून गेली ती. मी दोन्ही पाय टेकले. संकेत माझ्यावर आदळला. टेम्पोनं ब्रेक मारला, बसनं ब्रेक मारला, आणि निखिलची गाडी चौकाच्या मधोमध आडवी होऊन बंद पडली.

त्यानं काच खाली करून माझ्याकडे बघितलं. चेहरा पांढराफटक. "काकू, तुम्ही कुठून आलात?"

"कात्रजपासून तुझ्या पुढेच आहे मी," मी म्हटलं. आवाज चढला होता, तो खाली आणायची माझी इच्छाही नव्हती.

चारही बाजूंनी चौक तुंबला. ट्रॅफिक हवालदार शिट्टी तोंडात ठेवूनच आले, ती काढली आणि गाडीच्या टपावर थाप मारली.

"ओ सायेब, चार दिवं लावून चौकात वरात काढलीय व्हय?"

"नाही हो, पुढे माझे वडील सायकलवर आहेत. त्यांना सेफ ठेवत होतो."

"कुठं हायत?"

काका केव्हाच चौक ओलांडून पलीकडच्या फुटपाथला उभे होते. गोंधळ बघून ते उतरले, झेब्रा क्रॉसिंगपर्यंत चालत गेले, आणि सायकल हातात धरून पट्ट्यांवरूनच परत आले.

हवालदारांनी त्यांना नमस्कार केला. "आजोबा, ह्ये तुमचं चिरंजीव हायत का?"

काकांनी गाडीकडे बघितलं. पुढची चाकं कुठं आहेत, मागची कुठं आहेत, मी कुठं आहे.

"घरी आहेत," ते म्हणाले. "चौकात नाहीत."

टेम्पोवाला मोठ्यानं हसला, संकेतही. निखिल स्टिअरिंगकडे बघत राहिला. हवालदार गाडीचा फोटो काढायला मागे गेले, आणि तेवढ्यात निखिलचा फोन वाजला. फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला. कट करायला गेला आणि घाईत उचलला गेला. सगळ्या काचा उघड्या, आवाज चौकभर.

"हॅलो, ती सायकलची जाहिरात तुमचीच ना? उद्या बघायला यायचं ठरलं होतं. येऊ ना?"

संकेत हसायचा थांबला. काकांचा हात सायकलच्या सीटवर होता, तो तसाच राहिला. निखिलनं वडिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या पुढच्या चाकाकडे. मागची बस हॉर्न वाजवत होती आणि त्याला ते ऐकूच येत नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "विकायची नाहीये."

"का हो? काही प्रॉब्लेम आहे का सायकलमध्ये?"

"सायकलमध्ये काही नाही. प्रॉब्लेम सगळा गाडीचा आहे."

पलीकडचा माणूस व्यवहाराचा होता.

"बरं. मग गाडी देताय का?"

काका खिडकीशी वाकले आणि स्पीकरच्या दिशेनं म्हणाले, "उद्या सकाळी दहाला या."